पीएचपीबीबी वापरून स्वतःचा चर्चामंच कसा उभारावा

ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप गटात दर मार्चला तोच प्रश्न येतो: नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जायचंय, पाणी कुठवर मिळेल? गेल्या वर्षी कुणीतरी याचं सविस्तर उत्तर दिलेलं असतं, पण ते 'शुभ सकाळ'च्या ढिगाखाली गेलेलं असतं आणि उत्तर देणारा बहुधा गट सोडून गेलेला असतो. चर्चामंचावर हेच उत्तर एका धाग्यात राहतं, शोधलं की सापडतं आणि तीन वर्षांनी कुणी त्यात भर घातली की पुन्हा वर येतं. मायबोली १९९६ पासून चालू आहे. तिथले जुने धागे आजही लोक उकरून काढतात ते याचमुळे.

असा मंच तुमच्या ट्रेक गटासाठी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी किंवा गावच्या शेतकरी गटासाठी स्वतःच्या सर्व्हरवर उभारता येतो. त्यासाठी प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, भीती नसली आणि एक मोकळा शनिवार असला की पुरे. उभारणी एका दुपारीत होते. खरं काम असतं ते पायऱ्यांचा क्रम पाळण्याचं आणि नंतर ईमेल, परवानग्या, बॅकअप या तीन गोष्टींकडे लक्ष देण्याचं. म्हणून या लेखात इन्स्टॉलेशन थोडक्यात आहे आणि त्याच्या आगेमागे जे लागतं ते जास्त.

लेख देवनागरीत असल्यामुळे कमांडही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

कोणतं सॉफ्टवेअर?

मुक्तस्रोत पर्यायांत तीन नावं प्रामुख्यानं समोर येतात. डिस्कोर्स दिसायला देखणं आणि वापरायला आधुनिक आहे, पण ते डॉकर नावाच्या वेगळ्या यंत्रणेत चालतं, सोबत पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन डेटाबेस लागतात, आणि १ जीबी मेमरीत त्याला धाप लागते. फ्लॅरम हलकं आहे, मात्र बऱ्याच गोष्टींसाठी एक्स्टेन्शनवर अवलंबून राहावं लागतं आणि कंपोझर नावाच्या साधनाची ओळख असावी लागते. तिसरं पीएचपीबीबी. जेम्स ॲटकिन्सननं ते २००० साली सुरू केलं. सध्याची ३.३ ही मालिका जानेवारी २०२० मध्ये आली.

मी नवख्यांना पीएचपीबीबीच सुचवतो. त्याचं रूप जुनाट वाटतं, ते खरंच आहे. पण ते साध्या अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा) आणि मारियाडीबीवर (डेटाबेस) चालतं, त्यातली प्रत्येक फाइल तुम्हाला डोळ्यांनी दिसते आणि काही बिघडलं तर कुठे बघायचं हे कळतं. शिवाय हे तिन्ही भाग एकदा हाताळले की उद्या वर्डप्रेस किंवा मीडियाविकी बसवणं हातचा मळ.

सर्व्हर आणि डोमेन

कोणत्याही क्लाउड कंपनीचा सर्वात छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्या: १ जीबी मेमरी, एक प्रोसेसर, २० ते २५ जीबी डिस्क. काही हजार सदस्यांच्या मंचाला एवढं पुरतं. डेटासेंटर मुंबई किंवा बंगळूरचं मिळत असेल तर तेच निवडा. सदस्यांपैकी निम्मे अमेरिकेत असतील तरीही फार बिघडत नाही, कारण मंचाची पानं मुख्यतः मजकुराची असतात.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून उबुंटू २४.०४ एलटीएस ही लिनक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडा. तिच्यात पीएचपी ८.३ आणि मारियाडीबी १०.११ तयार मिळतात, आणि प्रकाशनापासून पाच वर्षं सुरक्षा अपडेट येत राहतात. पीएचपीबीबी ३.३ ला किमान पीएचपी ७.२ लागतं, त्यामुळे इथे अडचण नाही.

डोमेन घेतल्यावर त्याच्या डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) पॅनलमध्ये 'ए' नोंद करा आणि तिच्यात सर्व्हरचा आयपी पत्ता द्या. नोंद जगभर पोचायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी काही तास, म्हणून हे काम सगळ्यात आधी करून ठेवा. पुढची तयारी होईपर्यंत ते पोचलेलं असतं.

आधी कुलूप, मग घर

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की काही मिनिटांतच त्याच्या दारावर अनोळखी यंत्रं पासवर्ड आजमावायला लागतात. तुमच्याशी कुणाचं वैर नसतं. ही यंत्रं सगळ्याच पत्त्यांवर टकटक करत असतात. म्हणून मंचाचं नावही काढण्याआधी पुढचं करा.

स्वतःच्या संगणकावर एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची, किल्ली बनवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही ही कमांड चालते:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

तयार होणाऱ्या दोन फाइलींपैकी 'पब' शेपटीची फाइल सर्व्हरवर द्यायची. दुसरी कुणालाही द्यायची नाही, अगदी मदत करणाऱ्या मित्रालाही. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून लॉगिन करून स्वतःसाठी साधा वापरकर्ता तयार करा, त्याला सुडो गटात (गरजेपुरते रूटचे अधिकार मिळणाऱ्या) टाका आणि किल्ली त्याच्या खात्यात ठेवा. आता दुसरी टर्मिनल खिडकी उघडून नव्या वापरकर्त्यानं लॉगिन होतंय आणि सुडो चालतंय याची खात्री करा. ते जमलं तरच एसएसएचच्या सेटिंगमधून रूटचं लॉगिन आणि पासवर्डनं होणारं लॉगिन बंद करा. पहिली खिडकी सगळं संपेपर्यंत उघडीच ठेवा. स्वतःच्याच सर्व्हरबाहेर अडकणारे बहुतेक लोक इथेच घाई करतात.

मग फायरवॉल, म्हणजे सर्व्हरची कोणती दारं (पोर्ट) उघडी ठेवायची ते ठरवणारी भिंत; ८० आणि ४४३ ही वेबची दारं. क्रम महत्त्वाचा आहे:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ४४३
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

शेवटची ओळ आधी दिलीत तर पुढच्या वेळी एसएसएचनं आत येता येणार नाही. काही क्लाउड कंपन्यांची स्वतःची वेगळी फायरवॉल असते. नंतर मंच उघडला नाही तर तिच्यात ८० आणि ४४३ मोकळे आहेत का तेही बघा.

त्यानंतर 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. १ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर १ ते २ जीबीची स्वॅप फाइलही (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा, नाहीतर गर्दीच्या वेळी लिनक्स मेमरी वाचवायला मारियाडीबीलाच मारून टाकतो आणि मंचावर नुसता डेटाबेसचा त्रुटीसंदेश दिसतो.

अपाची, मारियाडीबी, पीएचपी

तिन्ही एकाच ओळीत येतात:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाची२ मारियाडीबी-सर्व्हर पीएचपी पीएचपी-मायएसक्यूएल पीएचपी-एक्सएमएल पीएचपी-एमबीस्ट्रिंग पीएचपी-जीडी पीएचपी-झिप अनझिप

यातलं एक्सएमएल पीएचपीबीबीला लागतंच. जीडी हे चित्रांचे छोटे नमुने आणि कॅप्चासाठी. हे झालं की ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी टाका. अपाचीचं स्वागताचं पान दिसायला हवं.

आता डेटाबेस. आधी 'सुडो मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन' चालवून निनावी वापरकर्ते आणि चाचणीचा डेटाबेस काढून टाका. मग 'सुडो मारियाडीबी' देऊन आत जा आणि तीन गोष्टी करा: मंचासाठी रिकामा डेटाबेस, त्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता आणि लांबलचक पासवर्ड, आणि त्या वापरकर्त्याला फक्त त्याच डेटाबेसवर सगळे अधिकार. मंचाला मारियाडीबीचा रूट कधीही देऊ नका. उद्या मंचात भोक सापडलं तरी नुकसान त्या एका डेटाबेसपुरतं राहतं.

डेटाबेस बनवताना अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ निवडा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, त्यामुळे मराठी मजकूर जुन्या तीन बाइटांच्या यूटीएफ८ मध्येही नीट बसतो. इमोजींना मात्र चार बाइट लागतात. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सहसा डेटाबेस लॅटिन१ मध्ये तयार झालेला असतो.

अपाचीला मंचाची ओळख करून देणं

/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली मंचासाठी एक फोल्डर करा. अपाचीच्या 'साइट्स-अव्हेलेबल' फोल्डरमध्ये एक नवी फाइल लिहा आणि तिच्यात सर्व्हरनेम म्हणून तुमचं डोमेन, डॉक्युमेंटरूट म्हणून तो फोल्डर द्या. याच फाइलमध्ये त्या फोल्डरसाठी 'अलाउओव्हरराइड ऑल' ही ओळ विसरू नका. पीएचपीबीबी सोबत काही डॉट-एचटीॲक्सेस फाइली देतं. सेटिंगची फाइल आणि अपलोडचे फोल्डर बाहेरच्यांनी थेट उघडू नयेत हे त्यांचं काम. उबुंटूवर अपाची मुळात या फाइली वाचतच नाही. मंच तरीही झकास चालतो, त्यामुळे ही उणीव कुणाच्या लक्षातही येत नाही.

अपाचीऐवजी एन्जिनएक्स वापरायचं असेल तर तिथे डॉट-एचटीॲक्सेसला काहीच अर्थ नाही. पीएचपीबीबीच्या 'डॉक्स' फोल्डरमध्ये एन्जिनएक्ससाठी नमुना सेटिंग असतं, तेच घ्या.

नवी साइट 'ए२एनसाइट' नं सुरू करा, 'अपाची२सीटीएल कॉन्फिगटेस्ट' नं तपासा, मग अपाची रीलोड करा. तपासणी न करता रीलोड करायची सवय लावून घेऊ नका.

यानंतर लगेच एचटीटीपीएस. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. सर्टबॉट इन्स्टॉल करून 'सुडो सर्टबॉट --अपाची' दिलं की तो डोमेन विचारतो, प्रमाणपत्र आणतो आणि अपाचीचं सेटिंगही बदलतो. प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची. सर्टबॉट ते स्वतःहून नवं करतो. 'सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' देऊन ती यंत्रणा चालते का ते आजच बघून घ्या. हे सगळं मंचाच्या इन्स्टॉलरआधी करायचं कारण असं की इन्स्टॉलरमध्ये तुम्ही प्रशासकाचा आणि डेटाबेसचा पासवर्ड टाइप करणार आहात. तो उघड्या एचटीटीपीवरून जाऊ नये.

पीएचपीबीबीच्या फाइली

पीएचपीबीबीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ३.३ मालिकेतली सर्वात नवी झिप फाइल 'डब्ल्यूगेट' नं थेट सर्व्हरवर उतरवा. तिथेच एसएचए२५६ बेरीज (फाइल मूळचीच आहे का हे ओळखायचा ठसा) दिलेली असते. 'एसएचए२५६सम' कमांडनं तुमच्या फाइलची बेरीज काढून दोन्ही जुळतात का बघा. झिप उघडली की 'पीएचपीबीबी३' नावाचा फोल्डर मिळतो. त्यातलं सगळं तुमच्या डॉक्युमेंटरूटमध्ये हलवा.

परवानग्यांबाबत इंटरनेटवर फिरणारा एक जुना सल्ला सरळ दुर्लक्षित करा: 'सगळ्याला ७७७ द्या'. त्याचा अर्थ सर्व्हरवरच्या कोणत्याही प्रक्रियेला त्या फाइलींत काहीही लिहिण्याची मुभा. त्याऐवजी फाइलींचे मालक तुम्ही राहा, गट 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' ठेवा, फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ द्या (म्हणजे वाचणं सगळ्यांना, लिहिणं फक्त मालकाला). फक्त चार फोल्डरांत वेब सर्व्हरला लिहावं लागतं: कॅश, स्टोअर, फाइल्स, आणि इमेजेसखालच्या ॲव्हटार्समधला अपलोड. या चारांना ७७५, म्हणजे गटालाही लिहिता येतं. इन्स्टॉलेशनपुरती कॉन्फिग.पीएचपी ही फाइलही वेब सर्व्हरला लिहिता येईल अशी करा.

आता उशीर करू नका. इन्स्टॉलरचा फोल्डर इंटरनेटवर उघडा आहे आणि जो आधी येईल तो मंचाचा प्रशासक होऊ शकतो.

इन्स्टॉलर

ब्राउझरमध्ये तुमच्या डोमेनपुढे /इन्स्टॉल/ॲप.पीएचपी उघडा. तो आधी सर्व्हर तपासतो आणि काही उणं असेल तर दाखवतो. मग प्रशासकाचं नाव आणि पासवर्ड. नाव 'ॲडमिन' ठेवू नका. पासवर्ड आजमावणारी यंत्रं तिथूनच सुरुवात करतात. डेटाबेसच्या पानावर 'मायएसक्यूएल विथ मायएसक्यूएलआय' निवडा, सर्व्हर लोकलहोस्ट, पोर्ट रिकामं. पुढे कुकी सुरक्षित ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि सर्व्हरच्या माहितीत एचटीटीपीएस द्या. ईमेलचं पान आत्ता सोडून दिलं तरी चालतं.

हिरव्या खुणा दिसल्या की सर्व्हरवर परत जा, इन्स्टॉल फोल्डर पूर्ण काढून टाका आणि कॉन्फिग.पीएचपी ६४० वर आणा, म्हणजे वेब सर्व्हर ती वाचू शकेल पण बदलू शकणार नाही. तो फोल्डर असेपर्यंत पीएचपीबीबी फक्त प्रशासकाचं पॅनल उघडू देतं. 'मंच दिसत नाही' अशी पहिल्या दिवशीची तक्रार बहुतेकदा यामुळेच असते.

ईमेल

नवा सदस्य नाव नोंदवतो, पुष्टीचं पत्र त्याला मिळत नाही, तो दोनदा प्रयत्न करतो आणि निघून जातो. तुम्हाला वाटतं लोकांना रस नाही. म्हणून ईमेलकडे मंचाचा मुख्य दरवाजा म्हणूनच बघा.

स्वतःच्या व्हीपीएसवर मेल सर्व्हर उभारू नका. शिकण्यासाठी तो उत्तम उद्योग आहे, पण मंच चालवायचा असेल तर नाही. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात. ते उघडलं तरी नव्या आयपीवरून आलेलं पत्र जीमेल बहुधा स्पॅममध्ये टाकतं. त्यापेक्षा व्यवहाराची ईमेल पाठवणारी एखादी एसएमटीपी सेवा घ्या. छोट्या मंचाला अशा सेवांचा मोफत किंवा अगदी स्वस्त हप्ता पुरतो.

सेवेत खातं उघडल्यावर ती डीएनएसमध्ये काही नोंदी करायला सांगते. एसपीएफ नोंद सांगते की या डोमेनच्या नावानं पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर सही करतं. डीमार्क सांगतं की या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचं काय करावं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक आवश्यक केलं आहे. दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही नसाल, तरी तिन्ही करा. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीची असेल तर दुसरी जोडू नका, तिच्यातच भर घाला.

मग प्रशासक पॅनलमध्ये ईमेल सेटिंग उघडा, एसएमटीपी चालू करा, सेवेनं दिलेला सर्व्हर, पोर्ट ५८७, वापरकर्ता आणि पासवर्ड भरा. त्याच पानावरून चाचणी पत्र पाठवता येतं. ते जीमेलवर पाठवा, दुसऱ्या एखाद्या सेवेवर पाठवा, कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. जीमेलमध्ये पत्र उघडून 'मूळ संदेश दाखवा' केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिघांपुढे 'पास' दिसायला हवं.

विभाग आणि परवानग्या

पीएचपीबीबीत दोन स्तर असतात: वर्ग आणि त्याखाली विभाग. ट्रेक गटासाठी 'भटकंती' हा वर्ग, त्याखाली 'गड-किल्ले', 'घाटवाटा', 'साहित्य आणि प्रथमोपचार'. सुरुवातीला चार-पाच विभागांपेक्षा जास्त करू नका. वीस रिकाम्या विभागांचा मंच ओसाड दिसतो, आणि लिहिणाऱ्यालाही कुठे लिहावं ते कळत नाही.

नवा विभाग बनवताना 'परवानग्या इथून घ्या' असा पर्याय येतो. तो रिकामा ठेवला तर विभाग तयार होतो, पण कुणालाच दिसत नाही. आधीच्या एखाद्या नीट चालणाऱ्या विभागाच्या परवानग्या घ्या, म्हणजे प्रश्न उरत नाही.

परवानग्यांची पद्धत पहिल्यांदा गोंधळात टाकते, पण तिच्यामागे साधा नियम आहे. प्रत्येक सदस्य एका किंवा अनेक गटांत असतो: पाहुणे, नोंदणीकृत, नवे नोंदणीकृत, मॉडरेटर, प्रशासक, बॉट. प्रत्येक परवानगीचं उत्तर तीन प्रकारचं असतं: 'हो', 'नाही' आणि 'कधीच नाही'. एका गटात 'नाही' आणि दुसऱ्यात 'हो' असेल तर सदस्याला परवानगी मिळते. पण कुठेही एकदा 'कधीच नाही' आलं की बाकीचे सगळे 'हो' निकामी. म्हणून 'कधीच नाही' जपून वापरा. एखाद्याला मॉडरेटर केलं तरी तो काही करू शकत नाही, तेव्हा हे उत्तर कुठेतरी दडून बसलेलं असतं. प्रत्येक खूण हातानं लावत बसण्यापेक्षा तयार भूमिका वापरा. आणि कोणताही बदल केल्यावर प्रशासक म्हणून बघू नका, कारण तुम्हाला सगळंच दिसतं. परवानग्या तपासण्यासाठी दुसऱ्या सदस्याच्या नजरेनं मंच पाहायची सोय पॅनलमध्ये आहे. लॉगआउट करून पाहुण्याच्या नजरेनंही एकदा फिरून या.

स्पॅम

मंच शोधयंत्रांत दिसायला लागला की काही दिवसांत रशियन औषधांच्या जाहिराती येतात. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आता यंत्रांना फारसा अडवत नाही, उलट वयस्क सदस्यांना छळतो. त्याऐवजी प्रश्नोत्तराचा पर्याय निवडा आणि प्रश्न तुमच्या माणसांना सहज येईल असा मराठीत विचारा: 'पोळ्याला कोणाची पूजा करतात?' स्वीकारायच्या उत्तरांत बैल, बैलांची, बैलाची आणि रोमन लिपीतलं बैल, सगळं लिहा. लोक मोबाइलवरून काय टाइप करतील सांगता येत नाही. प्रश्न तीन-चार ठेवा आणि अधूनमधून बदला.

खातं ईमेलनं सक्रिय व्हावं हे सेटिंग ठेवा. 'नवे नोंदणीकृत' गटातल्या सदस्यांचे पहिले काही संदेश मॉडरेटरच्या मंजुरीनंतरच दिसतील अशी व्यवस्थाही पीएचपीबीबीत आहे. ती वापरणार असाल तर मंजुरी त्याच दिवशी द्या. मनापासून लिहिलेला पहिला संदेश आठवडाभर रांगेत पडून राहिला तर दुसरा येत नाही.

मराठीसाठी थोडी जुळवाजुळव

सदस्यनामाची कमाल लांबी मुळात २० चिन्हांची असते आणि मोजणी युनिकोड चिन्हांची होते, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नाही. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, प्रत्यक्षात हलन्त आणि मात्रा धरून दहा चिन्हांचं आहे. आडनाव जोडलं की मर्यादा संपते. ती ३० ते ३५ करा आणि नावात कोणतीही अक्षरं चालतील असं सेटिंग ठेवा.

शोधातही हीच गंमत आहे. मूळ सेटिंगमध्ये तीन चिन्हांहून छोटे शब्द अनुक्रमणिकेत घेतले जात नाहीत. 'गड' दोनच चिन्हांचा आहे! ट्रेकच्या मंचावर 'गड' शोधता येत नसेल तर काय उपयोग? किमान लांबी दोनवर आणा आणि अनुक्रमणिका नव्यानं बांधा. जोडाक्षरं आणि मात्रांचे शब्द शोधूनही पाहा. समाधान झालं नाही तर त्याच पानावर शोधाची दुसरी यंत्रणा निवडता येते.

फोटोंचं गणित तीन ठिकाणी अडतं. पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये एका फाइलची मर्यादा २ एमबी असते. ती पीएचपी.आयएनआयमधून वाढवायची, सोबत 'पोस्ट मॅक्स साइझ' त्याहून जास्त ठेवायची. पीएचपीबीबीची स्वतःची जोडपत्राची मर्यादा त्याहून कडक, २५६ केबी. ती प्रशासक पॅनलमधून वाढवा. तिसरं ठिकाण डिस्क. मोबाइलचे फोटो ४ ते ५ एमबीचे येतात आणि २५ जीबी डिस्क पाहता पाहता भरते, म्हणून मोठी चित्रं आपोआप लहान करायची किंवा मर्यादा २ एमबीवरच थांबवायची, यातलं एक ठरवा.

प्रोसिल्व्हर ही मूळ रूपशैली इंग्रजी अक्षरांच्या मापानं केलेली आहे. देवनागरी तिच्यात बारीक दिसते आणि ओळींत वेलांट्या-उकार एकमेकांना भिडतात. अक्षराचा आकार आणि ओळींतलं अंतर वाढवा, पण प्रोसिल्व्हरच्या फाइलीत थेट नको. तिच्यावर आधारलेली स्वतःची शैली करा, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसले जातील.

कायद्याचा भाग

भारतात लोकांचं लेखन प्रकाशित करणाऱ्या मंचाला 'मध्यस्थ' मानलं जातं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि २०२१ चे मध्यस्थांसाठीचे नियम यांनुसार वापराचे नियम, गोपनीयता धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क मंचावर ठळक दिसायला हवेत. छोट्या मंचात तो अधिकारी तुम्हीच. तक्रारीला उत्तर देण्याच्या मुदती इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, त्या बदलत असतात.

बॅकअप

मंचाचा जीव तीन ठिकाणी असतो: डेटाबेस, अपलोडचे फोल्डर आणि कॉन्फिग.पीएचपी. डेटाबेसची नक्कल 'मारियाडीबी-डंप' नं घ्या, फोल्डर 'टार' नं बांधा आणि रोज पहाटे क्रॉन या ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीकरवी हे आपोआप होऊ द्या. प्रशासक पॅनलमध्येही बॅकअपचं बटण आहे, पण मंच वाढला की ते अर्ध्यावर दमतं.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरसोबत तोही जातो. दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत किंवा घरच्या संगणकावर 'आरसिंक' नं ओढून घ्या. रोजच्या सात आणि महिन्याच्या काही प्रती पुरतात. क्लाउड कंपनीचा स्नॅपशॉट असला तरी हे कराच, कारण खातंच बंद झालं, कार्डाचं बिल थकलं, तर स्नॅपशॉटही हाती राहत नाही. आणि दर तीन-चार महिन्यांनी एखादी प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून मंच खरोखर उभा राहतो का ते बघा.

अपडेट

डिसेंबर २००४ मध्ये 'सँटी' नावाचा किडा पीएचपीबीबीच्या मंचांवर पसरला. शोधलेले शब्द रंगवून दाखवण्याच्या सोयीत एक भोक होतं. त्यातून तो सर्व्हरमध्ये शिरायचा आणि पुढचे बळी चक्क गूगलवर शोधायचा. हजारो मंचांचा मजकूर पुसला गेला आणि शेवटी गूगलनं ते शोध अडवले तेव्हा कुठे तो थंडावला. त्या भोकाची दुरुस्ती असलेली २.०.११ ही आवृत्ती त्याआधी महिनाभर, नोव्हेंबरमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली होती त्यांचे मंच शाबूत राहिले.

उबुंटू स्वतःची सुरक्षा अपडेट आपोआप घेतं, पण पीएचपीबीबी तुम्ही झिपमधून बसवलंय, त्यामुळे ते ॲप्टच्या कक्षेत येत नाही. त्याच्या घोषणांची ईमेल सूचना लावून ठेवा. नवी आवृत्ती आली की बॅकअप घ्या, नव्या झिपमधल्या फाइली जुन्यांच्या जागी टाका, मात्र कॉन्फिग.पीएचपी, फाइल्स, स्टोअर, इमेजेस आणि तुमची शैली व एक्स्टेन्शनं तशीच राहू द्या. मग इन्स्टॉल फोल्डरमधून डेटाबेस अपडेट चालवा आणि तो फोल्डर पुन्हा काढून टाका. एक्स्टेन्शनं आधी बंद करून मग अपडेट करणं बरं. बहुतेक वेळा अडचण पीएचपीबीबीची नसून दोन वर्षं कुणी हात न लावलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनची असते.